अधिकचं चिन्ह

१

आजी गेली याचं कुणालाच नवल वाटलं नाही. ती कधीपासून ‘आज जाते, उद्या जाते’ करत होती आणि चहाचा कप रिकामा करून पुन्हा उशीवर डोकं टेकत होती. नवल वाटलं ते त्या उशीचं. उशी चिंब भिजलेली होती. आजीचे विरळ पांढरे केस ओले होऊन कपाळाला चिकटले होते, आणि मिटलेल्या मुठीत होता दोन काड्या सुतळीनं बांधून केलेला क्रूस.

दुसरीकडे कुठे लोकांनी हात जोडले असते आणि खाट धुऊन घेतली असती. इथं मात्र आभाळ कोसळलं. कारण हे घर म्हणजे चार धर्मांच्या चार संस्थांनी मिळून मांडलेला संसार होता. रस्त्यावर पडलेल्या, कुणाच्याच नसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून आणायचं आणि शेवटपर्यंत सांभाळायचं. शुश्रूषा ख्रिस्ती सिस्टरची, औषधं हाजीसाहेबांच्या धर्मादाय दवाखान्याची, स्वयंपाक महाराजांच्या सेवामंडळाचा, आणि जाणाऱ्याचा हात धरून बसायचं काम बौद्ध भन्तेंचं. इमारत दान देणाऱ्या थोरल्या मालकांनी एकच अट घातली होती आणि ती दारावरच रंगवून घेतली होती:

‘येथे सेवा करणाऱ्याने कोणाही रुग्णास आपल्या देवाच्या वाटेला लावू नये. तसे घडल्यास हे घर बंद करावे.’

फौजदारबाईंनी चष्मा लावून ती पाटी दोनदा वाचली. नोकरी सुटली तरी लिहिलेलं दोनदा वाचायची खोड सुटली नव्हती. त्यांना हाजीसाहेबांनी फोन करून बोलावलं होतं. “बाई, तुमच्या बहिणीवर आळ आलाय. बिचारी तोंड उघडत नाही. संध्याकाळी बैठक आहे. त्याआधी या,” एवढंच ते म्हणाले होते.

बहीण! धाकटी घर सोडून ख्रिस्ती जोगीण झाली तेव्हा वडिलांनी तिच्या नावानं आंघोळ केली होती. तेव्हापासून ती साऱ्या जगाची सिस्टर झाली होती. फक्त फौजदारबाईंची तेवढी बहीण उरली नव्हती. त्यांनी तिला आजवर एकदाही ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली नव्हती. जीभ वळली नसती असं नाही. मन वळलं नव्हतं.

आत गेल्यावर पहिलं स्वयंपाकघर लागलं. दारात रबरी चपला नीट जोडीनं काढून ठेवलेल्या होत्या.

“चुलीपाशी पादत्राणं नकोत हं बाई,” आतून महाराज म्हणाले. धिप्पाड माणूस, पण बोलणं लोण्यासारखं. त्यांनी पाण्याचा पेला बाहेर आणून दिला. “घ्या. पाण्याला नाही म्हणू नये. माझी आई नदीच्या नावाची, आणि जन्मभर हंडाभर पाण्यासाठी वणवण फिरली. नावात काय नसतं ते मी तिच्याकडून शिकलो.” एवढं बोलून ते पायांत चपला सरकवून फटक् फटक् करत सरपणाकडे निघून गेले.

कार्यालयात धाकटे मालक येरझाऱ्या घालत होते. थोरल्या मालकांचं मन मोठं होतं आणि मुलाकडे त्यांची फक्त इमारत आली होती. “क्रूस ख्रिस्ती, डोक्यावर पाणी घालायचा बाप्तिस्मा ख्रिस्ती, सिस्टर ख्रिस्ती,” ते म्हणाले. “यात शोधायचं काय शिल्लक आहे? म्हातारीला मरता मरता बाटवली. वडिलांची अट मोडली. आता तिला पुरायचं की जाळायचं, यावरूनसुद्धा तंटा. ती तिकडे बर्फावर पडून आहे.”

धाकटी कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. केस पिकले होते. बाकी बसणं तेच, गुडघ्यांवर हात ठेवून शाळेत बसल्यासारखं.

“तू केलंस हे?” फौजदारबाईंनी थेट विचारलं.

“हो,” धाकटी म्हणाली. “मीच केलं. मला जाऊ दे इथून, पण घर बंद करू नका.”

फौजदारबाई तिच्या हाताकडे बघत राहिल्या. लहानपणी डब्यातला लाडू खाऊन ‘मी नाही खाल्ला’ म्हणताना ही पोर उजवा अंगठा मुठीत दडवायची. आत्ताही अंगठा मुठीतच होता.

२

आजीच्या शेजारच्या खाटेवर मास्तर होते. गणिताचे मास्तर. हयातभर दुसऱ्यांची पोरं शिकवली आणि स्वतःच्या पोरानं स्टेशनवर सोडून दिलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

“बघितलं काहीच नाही,” ते म्हणाले. “ऐकलं मात्र सगळं. पट्टी कानांवर नव्हती.”

“मग ऐकलेलंच सांगा.”

“दुपारची सामसूम होती. आजी हाका मारत होती, ‘सिस्टर, सिस्टर.’ आवाज अगदी खोल गेलेला. बराच वेळ कुणी येईना. मग पावलं आली. चपला वाजत आल्या, दारात थांबल्या आणि तिथंच उतरल्या. पुढं माणूस अनवाणी आला. दोघांचं कुजबुजणं झालं. माणूस गेला, परत आला. मग पाणी ओतल्याचा आवाज. थांबून थांबून ओतत होतं. आणि ओतताना आधी नदीचं नाव घेतलं.”

“नदीचं?” फौजदारबाई पुढं सरकल्या.

मास्तरांनी नाव सांगितलं. “आणि त्यापुढं पिता, पुत्र असं काहीतरी.”

“आवाज पुरुषाचा होता की बाईचा?”

“बाई, मी गणिताचा माणूस. पण कुजबूज मला तरी नपुंसकलिंगीच वाटते.” मास्तर स्वतःच्याच विनोदावर हसले आणि लगेच कण्हले. “पोट ठीक नाही. काल भाताला खाली लागलं होतं. करपट घास गिळला कसाबसा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.”

फौजदारबाईंनी रुमालात बांधलेला क्रूस काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. “हा तिच्या मुठीत होता.”

मास्तरांनी बोटं फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हा क्रूस आहे? कोण म्हणतं? चारही बाहू सारखे आहेत की. बाई, हे तर अधिकचं चिन्ह आहे!”

फौजदारबाईंनी तो परत घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. खरंच होतं. आडवी काडी उभीच्या बरोबर मध्यावर बांधली होती. धाकटीच्या गळ्यातला क्रूस त्यांनी आत्ताच पाहिला होता; त्याची आडवी पट्टी वर होती आणि खालचा पाय लांब. इतकी वर्षं गळ्यात क्रूस घालणारी बाई तो असा बांधेल? पोळपाट-लाटण्यात आयुष्य गेलेली बाई झोपेतसुद्धा चौकोनी पोळी लाटत नाही. शिवाय धाकटीच्या पायांत बंद बूट होते, मऊ तळव्यांचे, आवाज न करणारे. वॉर्डात ती ते कधीच काढत नाही, असं मास्तर म्हणाले.

म्हणजे पाणी धाकटीनं घातलं नव्हतं. मग कुणासाठी ती स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेत होती?

३

हाजीसाहेब औषधांच्या खोलीत बसले होते. एक पाय घोट्यापर्यंत प्लास्टरात, समोर स्टुलावर ठेवलेला, आणि कुबडी भिंतीला टेकवलेली.

“एक सांगा,” फौजदारबाईंनी विचारलं. “ते पाण्याचे शब्द सिस्टरशिवाय इथं आणखी कुणाला येतात?”

हाजीसाहेब थोडा वेळ चष्म्याची काच पुसत राहिले. “आम्हां सगळ्यांना,” ते हळूच म्हणाले.

“म्हणजे?”

“बाई, मरण काही आमची ड्युटी बघून येत नाही. कुणाचा माणूस कधी जाईल आणि त्याच्या धर्माचं कोण जवळ असेल, सांगता येत नाही. म्हणून आम्ही एकमेकांना शिकवून ठेवलंय. माझ्या धर्माचा एक म्हातारा हमाल गेला तेव्हा मी नमाजाला गेलो होतो. त्याचं तोंड योग्य दिशेला महाराजांनी वळवलं. महाराजांच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलंय. यात बाटवाबाटवी नाही. ज्याचं त्याला पोचतं करायचं, एवढंच.”

“आणि सिस्टरनं काय शिकवलं?”

“म्हणाली, जन्मानं ख्रिस्ती नसलेल्या माणसाला पाणी हवं असेल आणि तो घटका मोजत असेल, तर कुणीही देऊ शकतं. आम्ही हसलो. कुणीही म्हणजे कोण? तर म्हणे, तुम्हीसुद्धा. शब्द सांगितले. नीट मनापासून म्हणायचे, बस्स.” हाजीसाहेबांनी आवाज खाली आणला. “मात्र हेही म्हणाली, की तसं इथं करायची वेळ येऊ नये. कारण दारावरची पाटी.”

फौजदारबाईंनी कुबडीकडे पाहिलं. मास्तरांच्या कानांतून कुबडीची टकटक सुटली नसती. हाजीसाहेब त्यांच्या मनातून आपोआप वगळले गेले.

भन्ते अंगणात झाडाखाली पानं गोळा करत होते. “मी तेव्हा पलीकडच्या वॉर्डात एकाचा हात धरून बसलो होतो,” ते म्हणाले. “तो अजून आहे. हात सोडला की रडतो.” बोलणं संपवून ते पुन्हा वाकले. त्यांच्या पायांना भेगा पडल्या होत्या. या माणसानं चपला घातल्याला युगं लोटली असतील. ज्याच्याकडे चपलाच नाहीत तो दारात काय काढणार?

त्या वळल्या आणि थबकल्या. कुंपणाच्या भिंतीपाशी धाकटे मालक एका अनोळखी माणसाबरोबर उभे होते. अनोळखी माणूस टेप लावून भिंत मोजत होता आणि मालक हातानं इमारतीवर उंच उंच काहीतरी रचून दाखवत होते.

घर बंद पडलं तर फायदा कुणाचा, हा प्रश्न फौजदारबाईंनी अजून विचारलाच नव्हता.

४

“हो, बांधायचंय मला इथं,” मालक म्हणाले. त्यांनी लपवालपवी केली नाही, याचं बाईंना थोडं वाईटच वाटलं. “माझी जागा आहे. अट मोडली तर मोकळी होते. पण म्हणून मी म्हातारीच्या डोक्यावर पाणी ओतत बसेन? मला ते मंत्रबिंत्र येत नाहीत. काल दुपारी मी गच्चीवर होतो, या गृहस्थांना विचारा.”

टेपवाल्यानं मान डोलावली. फौजदारबाईंना ते पटलं, पण मालकांच्या बोलण्यामुळे नव्हे. ज्याला दुसऱ्याला अडकवायचं असतं तो बाजारातून चांगला कोरीव क्रूस आणतो. चपला काढत नाही. आणि मरणाऱ्याच्या कानात नदीचं नाव तर मुळीच घेत नाही. हे करणाऱ्याच्या मनात वैर नव्हतं. मग होतं काय?

धुण्याच्या खोलीत धाकटी चादरींच्या घड्या घालत होती. एकटीला चादर आवरत नव्हती. फौजदारबाईंनी काही न बोलता दुसरी दोन टोकं धरली. दोघींनी चादर ताणली, झटकली, आणि एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक लावलं. लहानपणी गच्चीत रोज हेच काम असे. हातांना सगळं आठवत होतं.

“ताई, तू जा इथून,” धाकटी म्हणाली. “मी कबूल केलंय ना?”

“लाडू खाल्ल्यासारखं कबूल केलंस.”

धाकटीनं चटकन अंगठा मुठीतून बाहेर काढला. मग तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

“ती माझ्या मागे लागली होती, ताई. म्हणायची, लहानपणी पोरकी होते तेव्हा तुझ्यासारख्याच एका बाईनं मला न्हाऊ घातलं, वेणी घातली. तेवढंच आठवतंय मला माझ्या जन्मातलं. मला तिच्या देवाकडे पोचव. आणि मी नाही म्हटलं. मी! याच्यासाठी घरदार सोडलं, आणि ज्या दिवशी कुणीतरी स्वतःहून मागितलं त्या दिवशी मी पाटीकडे बोट दाखवलं. या चाळीसेक जीवांचं छप्पर जाईल म्हणून. काल दुपारी तिनं पुन्हा हाका मारल्या तेव्हा मी मागच्या अंगणात बसून कान झाकून घेतले. परत आले तर उशी ओली होती आणि ती शांत पडली होती.”

“आणि कुणी केलं ते तुला कळलं.”

धाकटीनं पुढची चादर उचलली.

“एवढं सांग. तुमच्यात पाणी देताना नदीचं नाव घेतात?”

“नदीचं? छे. ज्याला पाणी देतो त्याचं नाव घेतात. बहुतेक एखाद्या संताचं नाव ठेवतात आणि...” ती अडखळली. “कुठली नदी?”

फौजदारबाईंनी नाव सांगितलं. धाकटीच्या हातातून चादर गळाली. ती तिथंच कपड्यांच्या ढिगावर बसली आणि तिनं तोंडावर हात घेतला.

“अरे देवा,” ती पुटपुटली. “त्यानं आजीला ते नाव दिलं?”

 सकाळी प्यायलेलं पाणी फौजदारबाईंना आठवलं, आणि पाण्याचा पेला पुढं करणारा हातही.

५

महाराज चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होते. फौजदारबाईंनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, त्यांच्या चपलांच्या शेजारी, आणि आत जाऊन पाटावर बसल्या.

“काल भात करपला म्हणे.”

महाराजांची बोटं थांबली.

“मास्तर सांगत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच,” बाई म्हणाल्या. “तुमच्यासारखा माणूस चूल सोडून उठला तर मोठंच कारण असणार. मग चपला वाजत वॉर्डापर्यंत गेल्या आणि दारात उतरल्या. तुम्ही पवित्र काम करायला चपला घालून जाणार नाही. सिस्टर बूट घालूनच जाते, ते तिच्या अंगवळणी आहे. क्रूस सरपणाच्या काड्यांचा. सुतळी ही, या गोणीची. तुम्ही तिच्या गळ्यातला क्रूस रोज बघता, पण बायकांच्या गळ्याकडे निरखून बघणारे नाही, म्हणून आडवी काडी मध्यावर बसली. आणि नाव. नाव तुम्ही मला सकाळीच जवळजवळ सांगितलं होतं. नदीचं.”

महाराजांनी चुलीतलं ओलं लाकूड आत सारलं.

“मी या गोष्टीविरुद्ध भाषणं दिली आहेत, बाई,” महाराज म्हणाले. आवाजातलं लोणी वितळून गेलं होतं. “गावोगाव. भुकेल्याला भाकरी दाखवून त्याचा देव काढून घेऊ नका, म्हणून घसा फोडलाय. आजही तेच म्हणेन. पण काल ती हाका मारत होती आणि कुणी येईना. मला राहवेना. गेलो. म्हणाली, पाणी घाल. मी कप तोंडाला लावला. म्हणाली, तोंडात नाही रे, डोक्यावर. मी म्हटलं, आजी, मी सिस्टर नाही. तर म्हणते, मला दिसतंय, दाढी आहे तुला. पण घाल.”

त्यांना हसू आलं आणि ते चेहऱ्यावर अर्धवटच राहिलं.

“मी म्हटलं, आजी, मला नाही जमायचं. तर माझा हात धरून म्हणाली, अरे, मला जिकडे जायचंय तिकडे नको म्हणायला तू देव आहेस का? मग सरपणाच्या दोन काड्या बांधल्या. पाणी आणलं. शब्द आठवत होते. पण आधी नाव घ्यायचं असतं आणि तिला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. माझ्या तोंडात आलं ते आलं. माझी आई गेली तेव्हा मी पुरात अडकलेल्यांना जेवण वाढत होतो. दुसऱ्यांच्या आयांना. तिच्या तोंडात पाणी घालायला कुणी नव्हतं.”

फौजदारबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. भांडी घासून उपडी ठेवलेली होती, ओळीनं. या हातांनी रोज एवढ्या तोंडांत घास घातला होता.

“मग काल संध्याकाळपासून गप्प का आहात? ती तुमच्यासाठी फासावर चढायला निघालीय.”

“मी बोललो तर मंडळ मला उभं करणार नाही, आणि धान्याची गाडीही थांबवेल. हे लोक खातील काय? तिनंच मला खुणेनं गप्प बसवलं, बाई. डोळ्यांनी नको म्हणाली. आणि मी...” त्यांनी ताटलीतला खडा उचलला आणि तो कुठं टाकावा हे न कळून हातातच धरून ठेवला. “मी बसलो गप्प. भित्र्या माणसाला कारण लगेच सापडतं.”

“मी बैठकीत तुमचं नाव घेणार नाही,” फौजदारबाई उठत म्हणाल्या. “ती चूक कबूल करायचं काम माझं नाही. पण एक सांगते. माझी बहीण खोटं बोलते तेव्हा फार वाईट बोलते. ते मला बघवत नाही.”

६

बैठकीत मालक मधोमध बसले. हाजीसाहेबांनी पाय खुर्चीवर ठेवला होता, भन्ते जमिनीवर होते, महाराज दाराला टेकून उभे, आणि धाकटी पुन्हा त्याच स्टुलावर.

“माझ्या बहिणीनं हे केलेलं नाही,” फौजदारबाईंनी सुरुवात केली आणि मास्तरांनी ऐकलेल्या चपला, अधिकचं चिन्ह आणि नदीचं नाव, सगळं समोर मांडलं. “यातली एकही चूक ती करणार नाही.”

“मग कुणी केलं?” मालकांनी टेबलावर बोटं वाजवली.

“ते मी सांगणार नाही.”

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही.”

“मी केलं,” धाकटी उभी राहून म्हणाली. अंगठा मुठीत. “मालक, मीच केलं. लिहून घ्या आणि संपवा.”

 दारातली पावलं एकदा बाहेरच्या दिशेनं वळली. फौजदारबाईंना वाटलं, गेले. मग ती परत आत वळली.

“सिस्टर, बसा,” महाराज म्हणाले. “फार झालं तुमचं. पाणी मी घातलं.”

हाजीसाहेबांच्या हातातली कुबडी आडवी झाली. मालक आधी हसले, कारण त्यांना ती थट्टा वाटली. महाराजांनी सगळं सांगितलं, अगदी आईपर्यंत, मान खाली न घालता.

“कुणी का असेना,” मालक शेवटी म्हणाले. “अट मोडली ती मोडलीच.”

“पाटी वाचता का?” फौजदारबाई म्हणाल्या. “मी सकाळी दोनदा वाचली. तुम्ही एकदा तरी वाचा. मोठ्यानं.”

मालकांना ती पाठच होती. “‘येथे सेवा करणाऱ्याने कोणाही रुग्णास आपल्या देवाच्या वाटेला लावू नये.’”

“आपल्या म्हणजे कुणाच्या?”

“कुणाच्या म्हणजे? सेवा करणाऱ्याच्या.”

“महाराज सेवा करणारे. त्यांचा देव कोणता, ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. त्यांनी आजीला आपल्या देवाच्या वाटेला लावलं का?”

मालकांनी दाराकडे, पाटीच्या दिशेनं पाहिलं.

“आपल्याकडे ओढायला बंदी होती,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या दारापर्यंत पोचवायला नव्हती. तुमच्या वडिलांना गिऱ्हाइकं पळवणारे नको होते. या माणसानं तर हातचं गिऱ्हाईक परक्या दुकानात नेऊन सोडलं.”

“शब्दाचा कीस पाडताय तुम्ही!”

“एका वाक्यावर एवढ्या म्हाताऱ्यांना रस्त्यावर काढायला निघालात. मग त्यातला शब्द न् शब्द बघायला नको?”

भन्ते इतक्या वेळात पहिल्यांदा हसले. हाजीसाहेब म्हणाले, “या वाक्याला मी साक्षीदार. थोरल्या मालकांनी हे माझ्यासमोर रंगवून घेतलं. रंगारी ‘कोणत्याही देवाच्या’ लिहायला निघाला होता. त्यांनी पुसायला लावलं. म्हणाले, ‘आपल्या’ लिही.” मालक उठून गेले. जाताना त्यांनी घर बंद करायचं म्हटलं नाही, आणि पुन्हा कधी म्हणणार नाही असंही म्हटलं नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. महाराजांच्या मंडळाचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला: परत या, आणि इथलं धान्य पुढं द्यायचं की नाही ते विचार करून कळवू. महाराजांनी चूल सारवली, भांडी मोजून धाकटीच्या ताब्यात दिली आणि गाठोडं बांधलं. त्या दुपारी भात फौजदारबाईंनी केला. मास्तर म्हणाले, करपलेला बरा होता.

आजीला त्याच संध्याकाळी ख्रिस्ती दफनभूमीत नेलं. पाद्र्यांनी विचारलं, नाव कोणतं? धाकटीनं नदीचं नाव सांगितलं. या नावाचा कुणी संत त्यांना ठाऊक नव्हता.

“पाणी देणाऱ्यानं दिलंय,” धाकटी म्हणाली. “मी बदलणार नाही.” या वेळी तिचे दोन्ही हात उघडे होते.

महाराज गाठोडं काखेत मारून फाटकाबाहेर उभे होते. चपला काढलेल्या, पण आत पाऊल टाकत नव्हते. फौजदारबाई त्यांच्यापाशी गेल्या.

“मी इथूनच हात जोडतो,” ते म्हणाले. “मी आत कोण म्हणून येऊ?”

“आईला माती द्यायला मुलगा फाटकाबाहेर थांबत नसतो,” फौजदारबाई म्हणाल्या. “चला.”

ते आले. खड्ड्याच्या काठावर वाकून त्यांनी मूठभर माती उचलली, आणि हात पुढं करून तसेच उभे राहिले. सगळे थांबले. मूठ काही उघडेना. ओठ हलत होते, पण ती प्रार्थना नव्हती. ते नुसतं ते नाव घेत होते, घरात शिरताना हाक मारावी तसं.

“सिस्टर,” फौजदारबाईंनी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. “जरा यांचा हात धर.”

धाकटीनं चमकून बहिणीकडे पाहिलं. मग ती पुढं झाली आणि तिनं महाराजांच्या मुठीचं एकेक बोट सोडवलं, परवा क्रूस काढताना आजीचं सोडवलं होतं तसंच हळूहळू, आणि माती खाली पडली.